कोण कुणाच्या घरचं

संगणक सुरू होताना पडद्यावरून जे सरसर वर जातं ते वाचायचं नसतं, अशी आपली समजूत आहे. हल्ली तर ते दिसतही नाही. कंपनीचं बोधचिन्ह झळकतं, खाली एक चकती फिरते आणि थेट दार उघडतं. मी मात्र या मजकुराचा नेमाने वाचक आहे. महिन्यातून एखाद्या रविवारी मी एक जुनं यंत्र चालू करतो. त्याच्यावर काही काम उरकायचं असतं असं नाही. सुरुवातीच्या त्या साठ-सत्तर ओळी पुन्हा वाचायच्या असतात. घरच्यांनी याला नाव ठेवून झालं आहे. आज त्या ओळींचं रसग्रहण लिहायला बसलो आहे, हे अजून त्यांना सांगितलेलं नाही.

यंत्र सन मायक्रोसिस्टिम्सचं, स्पार्कस्टेशन ५. त्यावर चालते ती नेटबीएसडी, युनिक्सच्या घराण्यातली मुक्त ऑपरेटिंग सिस्टिम. कुणीही घ्यावी, उघडून पाहावी, बदलावी, पुढे द्यावी.

यंत्राचा आकार पिझ्झाच्या खोक्याचा. १९८९ मध्ये सननं पहिलं स्पार्कस्टेशन आणलं तेव्हापासून या चपट्या घडणीला ‘पिझ्झा बॉक्स’ हेच नाव पडलं. माझं मॉडेल १९९४ चं. प्रोसेसर ८५ मेगाहर्ट्झ, मेमरी फार तर २५६ मेगाबाइट. आज खिशातला फोनसुद्धा या आकड्यांना हसेल. पण त्याच वर्षी आलेल्या याच्या थोरल्या भावंडानं, स्पार्कस्टेशन २० नं, पिक्सारच्या ‘टॉय स्टोरी’ची चित्रं रंगवली. तशी ११७ यंत्रं त्या कामाला जुंपली होती. तेव्हा हे यंत्र विद्यापीठात, प्रयोगशाळेत, शेअरबाजाराच्या दलालांकडे असायचं. घरात असण्याची शक्यताच नव्हती, किंमतच तशी होती.

माझ्या घरात आलं ते लिलावातून. एका संस्थेनं निर्लेखित केलेल्या सामानाचा ढीग, भंगारवाला किलोचा भाव बोलत होता, आणि त्यात हे. कुशीवर पांढऱ्या रंगात लिहिलेला डेडस्टॉक नंबर अजून तसाच आहे. सरकारी मराठीत त्या वहीला जडसंग्रह नोंदवही म्हणतात. वहीत आलं तेव्हाही जड, वहीतून गेलं तेव्हाही जडच. मध्ये दहा-पंधरा वर्षं ते विचार करत होतं, त्याची नोंद कुठल्याच रकान्यात नसते.

चालू केल्यावर पहिला मजकूर येतो तो ऑपरेटिंग सिस्टिमचा नव्हे, यंत्राच्या पोटात कायम मुरलेल्या ओपनबूट नावाच्या प्रोग्रॅमचा. पांढऱ्यावर काळा. बाकीचं बरंच जग काळ्या पडद्यावर हिरवं-पांढरं लिहीत होतं तेव्हा सननं कागदासारखा पडदा आणि जाडजूड, पायदार अक्षरं निवडली. या अक्षरवळणाचं नाव गॅलंट. वळण इतकं ओळखीचं की नेटबीएसडीच्या मूळ मजकुरातही ते जपून ठेवलं आहे. आणि मग डाव्या बाजूला दोनच अक्षरं येतात, लहान लिपीतली: ‘ओके’. पुढे एक मोकळी जागा.

हा ओके म्हणजे होकार नव्हे. ओपनबूट मिच ब्रॅडली यांनी फोर्थ या भाषेत रचलं, आणि फोर्थची रीत अशी की सांगितलेलं काम झालं की ती ओके म्हणते. म्हणजे अर्थ ‘झालं, पुढे बोला’ असा. तुम्ही अजून काहीच सांगितलेलं नसताना ती ‘झालं’ म्हणते. दुकानदार आधीच्या गिऱ्हाइकाचा हिशेब मिटवून तुमच्याकडे वळतो, तसं.

फोर्थबद्दल एक गोष्ट मला फार दिवसांनी उमगली. इंग्रजीत विचार करणाऱ्यांना ही भाषा उलटी वाटते, कारण तिच्यात क्रिया शेवटी येते. दोन आणि तीन मिळवायचे तर आधी दोन लिहायचे, मग तीन, मग अधिकचं चिन्ह. त्यांना त्यासाठी डोकं उलटं करावं लागतं. आपल्याला काय करावं लागतं? ‘दोन नि तीन मिळव.’ ‘भात पानात वाढ.’ आधी वस्तू, मग जागा, शेवटी क्रियापद. मराठी माणसासाठी फोर्थ ही सरळ भाषा आहे. आपल्याला कुणी हे सांगितलं नाही, एवढंच.

आणि ही भाषा मला शिकावी लागली ती एका मेलेल्या बॅटरीमुळे. या यंत्रांत घड्याळ आणि थोडीशी स्मृती एकाच चिपमध्ये असते, आणि त्या चिपच्या डोक्यावर, आतच, लिथियमची बॅटरी ओतून बंद केलेली असते. दहा-बारा वर्षांत ती संपते. संपली की यंत्र स्वतःची ओळख विसरतं. नेटवर्कवरचा पत्ता जातो, आणि होस्टआयडी नावाचा आकडाही जातो. एकेकाळी लाखमोलाचं सॉफ्टवेअर या आकड्याला बांधून विकलं जायचं; आकडा गेला की सॉफ्टवेअर मालकाला ओळख देईना. मुक्त सिस्टिमला या आकड्याशी देणंघेणं नाही, पण नेटवर्कचा पत्ता तिलाही लागतो. तेव्हा ओकेपुढे बसून यंत्राला त्याचं नाव-गाव एकेक बाइट करून सांगावं लागतं: ‘८० १ एमकेपी’. म्हणजे ८० हा आकडा पहिल्या घरात लिही. ८० ही या जातीच्या यंत्रांची खूण. मग पत्ता: आठ, शून्य, वीस. हे तीन सनचं आडनाव. त्या घरातल्या यंत्रांचे पत्ते याच तीन आकड्यांनी सुरू होतात. पुढचे तीन तुम्ही ठरवायचे. जाणत्यांनी हौसेनं पाडलेला पायंडा असा की तिथे सी-शून्य, एफ-एफ, ई-ई घालायचं. सोळाच्या पायावरच्या अंकांत हे चालतं, आणि शून्याला ओ मानून ओळीनं वाचलं की ‘कॉफी’ होतं. जगभरात किती स्पार्कस्टेशनांचं पाळण्यातलं नाव कॉफी आहे कोण जाणे. एकाच घरात दोन असली की मात्र पंचाईत.

शेवटी एक ओळ टंकायची असते. तिच्यावर माझा जीव आहे. देवनागरीत ती अशी: ‘० एफ ० डू आय आयडीप्रॉम-ॲट झॉर लूप एफ एमकेपी’. मंत्र वाटतो. अर्थ लावू. सुरुवातीचं शून्य म्हणजे रिकामी ओंजळ. मग शून्यापासून पंधराच्या अलीकडपर्यंत एकेका घराशी जा, तिथला बाइट उचल, ओंजळीतल्याशी झॉर कर, म्हणजे वेगळं तेवढं ठेव, सारखं ते पुसून टाक. फेरा संपला की ओंजळीत जे उरलं ते शेवटच्या घरात ठेव. ही झाली पडताळणीची बेरीज. पण सौंदर्य आहे ते त्या पहिल्या शून्यात. ओळभर ते कुठेही पुन्हा दिसत नाही; प्रत्येक फेऱ्यात ते बदलत जातं, आणि शेवटी एमकेपीच्या हाती पडतं तेव्हा ते शून्य राहिलेलं नसतं. त्याला नाव दिलेलं नाही, कारण गरजच पडत नाही. एवढं काटकसरीचं वाक्य आपल्याकडे ओवीत सापडावं.

दोन वर्षं मी दर वेळी हे सगळं टंकलं. मग एका दुपारी चिपचं डोकं बारीक करवतीनं कापलं, आतली दोन टोकं शोधली आणि गाडीच्या रिमोटमध्ये असते तसली बटण-बॅटरी बाहेरून डागली. हात थरथरत होते. जमलं.

आता मुख्य मजकूर. ‘बूट’ म्हटलं की कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, उतरतो आणि बोलायला लागतो. पहिल्या ओळी हक्कांच्या आहेत. नेटबीएसडी फाउंडेशनची वर्षं १९९६, १९९७ अशी एकेक करत, एकही न गाळता, ओळीमागून ओळी चालत येतात. हा भाग कंटाळवाणा आहे. ‘पासून-पर्यंत’ म्हणून भागलं असतं. पण त्याखालची ओळ बघा. कॅलिफोर्निया विद्यापीठाचे रीजंट्स, १९८२, १९८६, १९८९, १९९१, १९९३. पाच वर्षांची ही ओळ सगळ्या मजकुराचा पाया आहे.

१९८२ साली बर्कलीला याच विद्यापीठात बीएसडी युनिक्स घडत होतं. ते घडवणाऱ्यांतला मुख्य माणूस बिल जॉय. आणि त्याच १९८२ मध्ये स्टॅनफर्डच्या अँडी बेक्टोल्शाइमच्या यंत्राभोवती सन ही कंपनी उभी राहिली. सन म्हणजे स्टॅनफर्ड युनिव्हर्सिटी नेटवर्कची आद्याक्षरं. संस्थापक चौघे: बेक्टोल्शाइम, स्कॉट मॅकनीली, विनोद खोसला आणि लवकरच येऊन मिळालेला जॉय. (खोसलांचा जन्म पुण्याचा. हे वाक्य रसग्रहणाला आवश्यक नाही, पण पुण्यात राहून ते न लिहिणं शक्य नाही.) जॉय आपल्याबरोबर बीएसडी घेऊन आला, आणि सनची स्वतःची सिस्टिम, सनओएस, त्यातूनच वाढली. पुढे सननं एटी अँड टीच्या युनिक्सशी सोयरीक केली, १९९२ मध्ये सोलॅरिस २ काढून दुसऱ्या घराण्यात गेली, आणि बीएसडीचा धागा तुटला. बर्कलीचं काम मात्र हक्कांवरून झालेल्या खटल्यातूनही वाचलं. त्या कामातून आणि पीसीसाठीच्या ३८६बीएसडीतून १९९३ मध्ये चौघा तरुणांनी नेटबीएसडी सुरू केली. स्पार्कवर, म्हणजे सनच्या या यंत्रांतल्या प्रोसेसरवर, बीएसडी आणण्याचं मूळ काम लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेतल्या ख्रिस टोरेक यांचं.

म्हणून लिलावातल्या स्पार्कस्टेशनवर नेटबीएसडी चढवणं म्हणजे परक्याला भाड्यानं जागा देणं नव्हे. दहा-पंधरा वर्षं सासरी राबलेल्या यंत्राचं हे माहेर आहे. खरोखरच, सनओएससाठी पूर्वी बांधलेले प्रोग्रॅमही हा कर्नल ओळखतो आणि चालवून दाखवतो. तशी सोयच त्यात ठेवली आहे. सनच्या घरी काय झालं? सोलॅरिस १० आली २००५ मध्ये, आणि तिनं बत्तीस-बिटी स्पार्कसाठी दार बंद केलं. २०१० मध्ये ओरॅकलनं सन विकत घेतली. ओपनबीएसडी हे नेटबीएसडीचंच १९९५ साली वेगळं झालेलं भावंड. तिनंही २०१६ च्या ५.९ नंतर ही जुनी स्पार्क यंत्रं सोडली. नेटबीएसडीनं नाही. २०२४ मध्ये आलेली तिची दहावी आवृत्ती या पिझ्झाच्या खोक्यावर चालते.

नवव्या आवृत्तीपासून प्रत्येक ओळीच्या आधी चौकटी कंसात वेळ छापली जाते. सुरुवातीला मला तो उपद्रव वाटला, ओळींचा डावा काठ बिघडला म्हणून. मग लक्षात आलं की पहिल्या कित्येक ओळींवर एकच वेळ आहे: एक पूर्णांक, पुढे शून्यंच शून्यं. कारण घड्याळाचा तुकडा कर्नलला अजून सापडलेला नाही. मेमरी मोजली, प्रोसेसर ओळखला, तरी काळ एकवरच उभा. घड्याळ सापडतं, टिकटिक सुरू होते, आणि मग शून्यांच्या जागी अंक हलू लागतात. छापखान्याच्या चुकीसारखा दिसणारा हा कंस एवढं सांगून जातो.

आणि मग येते ती ओळ, जिच्यासाठी मी हा सगळा खटाटोप करतो. ‘सीपीयू० ॲट मेनबस०’. त्यामागून ‘आयओएमएमयू० ॲट मेनबस०’. ‘एसबस० ॲट आयओएमएमयू०’. त्याच्या पोटी ‘डीएमए०’, त्याच्या पोटी ‘ईएसपी०’, त्याच्या पोटी ‘स्कझीबस०’, आणि शेवटी ‘एसडी० ॲट स्कझीबस० टार्गेट ३ लन ०’. एसडी० म्हणजे डिस्क. विशेषण एकही नाही. वेगवान, आधुनिक, शक्तिशाली, काही नाही. प्रत्येक वस्तूची ओळख एकाच शब्दानं होते, ‘ॲट’. हा कुणाच्या घरचा? त्र्यंबकेश्वरी तीर्थोपाध्याय वही उघडतात आणि नाव, बापाचं नाव, आज्याचं नाव, गाव असं वाचत जातात. माणूस कसा आहे हे वहीत नसतं, कुणाचा आहे एवढंच असतं. तीच ही रीत. आणि वहीसारखाच इथेही एक दिलासा आहे: मूळ एकच. सगळे शेवटी मेनबस०पर्यंत पोचतात, आणि त्याच्यापुढे कंसात लिहिलेलं असतं ‘रूट’.

या वाक्यरचनेची दुसरी बाजू पाहायची तर कर्नल बांधण्याआधीची फाइल उघडावी लागते. तिथे हीच वाक्यं असतात, पण अशी: ‘एसडी* ॲट स्कझीबस? टार्गेट ? लन ?’. नुसती प्रश्नचिन्हं. कुठलीही डिस्क, कुठल्याही बसवर, कुठल्याही घरात असेल तर. सगळी फाइल म्हणजे ‘असलास तर कुठे असशील?’ या एकाच प्रश्नाची शेकडो रूपं. यंत्र चालू झालं की प्रश्नचिन्हांच्या जागी आकडे बसतात. तीन. शून्य. आपण वाचतो ते बूटचे संदेश म्हणजे त्या फाइलची उत्तरपत्रिका. प्रश्न आणि उत्तर एकाच व्याकरणात, फक्त एका चिन्हाचा फरक. हे व्याकरणही टोरेक यांच्याच हातचं. ते त्यांनी सोयीसाठी घडवलं असणार. पण वाचताना जो आनंद होतो तो सोयीच्या पलीकडचा आहे.

डिस्कच्या ओळीत आणखी एक बारकावा. विसर्गासारख्या खुणेनंतर टोकदार कंसात कंपनीचं नाव आणि मॉडेल येतं, आणि त्यापुढे ‘डिस्क फिक्स्ड’. कंसातले शब्द कर्नलचे नाहीत. डिस्कला ‘तू कोण?’ विचारल्यावर तिनं स्वतः दिलेलं उत्तर तो जसंच्या तसं मांडतो. कंसाबाहेरचा निर्णय मात्र त्याचा. साक्षीदाराचं म्हणणं अवतरणात, आणि निकाल वेगळा. एवढी सचोटी मी कित्येक आत्मचरित्रांत पाहिलेली नाही.

त्याच्या आधी एक थांबा आहे. ‘स्कझीबस०: वेटिंग २ सेकंड्स फॉर डिव्हायसेस टु सेटल’. दोन सेकंद थांबतो, मंडळी स्थिरस्थावर होऊ द्या. पंगतीत वाढपी ताट मांडून होईपर्यंत उभा राहतो, तसं. या दोन सेकंदांत डिस्कची घरघर तेवढी ऐकू येते. मजकूर वाचताना कान उघडे ठेवायची ही एकमेव जागा.

घड्याळाच्या ओळीत मात्र कर्नलचा संयम सुटतो. बॅटरी मेलेली असताना चिप काहीतरी अचाट तारीख सांगायची (या यंत्रांचं वर्ष मोजायला सुरुवात होते १९६८ पासून), आणि कर्नल लिहायचा: ‘वॉर्निंग’, आणि पुढे ‘प्रिपॉस्टरस’. सबंध मजकुरात शेरा मारणारं हे एकमेव विशेषण. चूक नाही, अवैध नाही; भलतंच, हास्यास्पद. इतका वेळ केवळ आकडे आणि नाती सांगणारा कारकून एकदम मान वर करून ‘काहीतरीच काय!’ म्हणतो. आणि मग पुढे काय करायचं हेही तोच ठरवतो: फाइल सिस्टिममध्ये शेवटची नोंद ज्या वेळेची आहे ती वेळ धरतो. म्हणजे झोपण्याआधी वहीत काय लिहिलं होतं ते पाहून, तिथूनच उठतो. मग मोठ्या अक्षरांत, तारीख तपासा आणि बसवा. नवी बॅटरी बसवल्यापासून ती ओळ येत नाही. बरं झालं म्हणायचं, पण तिच्यावाचून चुकल्यासारखं होतं.

एवढ्या जुन्या यंत्रासाठी आजचा कर्नल बांधतो कोण, असा प्रश्न पडतो. यंत्रानं स्वतः बांधायचा म्हटलं तर रात्र जाते, आणि बरेचदा दुसरा दिवसही. नेटबीएसडीची रीत अशी की कुठल्याही युनिक्सवर एक स्क्रिप्ट चालवायची, ‘स्पार्कसाठी’ एवढं सांगायचं, आणि लॅपटॉपवर दुसऱ्याच जातीच्या यंत्राचा कर्नल तयार होतो. शहाण्या लोकांना यात फायदाही दिसतो. स्पार्क आकडे उलट्या टोकानं मांडते, आणि चार बाइटचा शब्द जागच्या जागी नसला की सरळ अडून बसते. पीसी असल्या बेशिस्तीकडे कानाडोळा करतो. त्यामुळे प्रोग्रॅममधल्या ज्या चुका पीसीवर वर्षानुवर्षं दडून राहतात त्या या म्हाताऱ्याकडे पहिल्या दिवशी उघड्या पडतात. मला स्वतःला हे कारण पुरेसं वाटत नाही. चुका शोधायला कुणी भर दुपारी करवत घेऊन चिपचं डोकं कापत नाही.

शेवटाकडची ओळ: ‘रूट ऑन एसडी०ए डम्प्स ऑन एसडी०बी’. घर एसडी०ए वर. आणि कोसळलोच तर माझी सगळी स्मृती ओतायची जागा एसडी०बी. अजून एकही प्रोग्रॅम सुरू झालेला नाही, कुणी लॉगिन केलेलं नाही, आणि कर्नल आपल्या मरणाची व्यवस्था सांगून मोकळा होतो. स्वर तोच, सपाट. ‘रूट’ आणि ‘डम्प्स’ यांच्यामध्ये स्वल्पविरामसुद्धा नाही.

मधली एक ओळ मी मुद्दाम मागे ठेवली होती. माझ्या यंत्राच्या एसबसवर एक कार्ड आहे. आधीच्या संस्थेत कुणीतरी कशासाठी तरी बसवलेलं. मागच्या पट्टीवर विचित्र आकाराचं सॉकेट, कुठलीच केबल त्यात बसत नाही. कर्नल त्याचं नाव वाचतो, कुठल्या खाचेत आहे ते सांगतो, आणि पुढे लिहितो ‘नॉट कॉन्फिगर्ड’. त्याच्यासाठी ड्रायव्हर नाही. न ओळखलेला पाहुणा म्हणून तो त्याला वगळत नाही. वंशावळीत त्याची ओळ आहे, बापाचं नाव आहे, घर क्रमांक आहे. फक्त, हा काय करतो ते आम्हाला ठाऊक नाही. डेडस्टॉकच्या वहीत असला रकाना नव्हता.

यंत्र साफ करताना दर वेळी ते कार्ड काढून ठेवावं असं मनात येतं. वीज तरी कमी लागेल. अजून काढलेलं नाही.